पलंगाखालचे पेशंट

न्यूयॉर्कच्या लुई कॅम्युटी यांनी साठ वर्षं पशुवैद्यकी केली, तीही मुख्यतः मांजरांची आणि बहुतेकदा लोकांच्या घरी जाऊन. बेल वाजायची, दार उघडायचं, घरधनीण हसून स्वागत करायची आणि पेशंट तेवढा गायब. मग डॉक्टरांनी गुडघे टेकून पलंगाखाली वाकायचं. १९८० साली त्यांच्या आठवणींचं पुस्तक आलं, त्याचं नावच मुळी 'माझे सगळे पेशंट पलंगाखाली आहेत' अशा अर्थाचं होतं.

नाव गमतीचं आहे, पण मांजरांच्या वैद्यकाची मुख्य अडचण त्यात आली. कुत्र्याला दुखलं की ते केकाटतं, लंगडतं, मालकाच्या पायाशी येऊन बसतं. मांजर गप्प होतं. ते ज्या रानमांजरापासून आलं ते एकटं राहणारं, स्वतः शिकारी आणि मोठ्या जनावरांचं भक्ष्यही. दुखणं चारचौघांत दाखवणं त्याला परवडणारं नव्हतं. माणसाच्या आसपास हजारो वर्षं काढूनही ती खोड गेली नाही. 'मांजर मरायला घर सोडून जातं' असं आपल्याकडे म्हणतात. ते मरायला जात नाही, लपायला जातं. लपलेलं असताना मरतं, इतकंच.

म्हणूनच मांजरांच्या कित्येक आजारांचा पहिला सुगावा दवाखान्यात लागला नाही. तो लागला घरात, आणि तोही अशा घरात जिथे पाच-पन्नास मांजरं होती आणि त्यांच्याकडे रोज नीट बघणारं कुणीतरी होतं. एका मांजराचं मरण म्हणजे नशीब. एकाच घरात तीच गत सहा मांजरांची झाली, तर मात्र कुणीतरी विचारतंच, की हे चाललंय काय?

पशुवैद्यकाचा जन्म मांजरासाठी झालेला नाही. १७६२ मध्ये फ्रान्समधल्या लियों शहरात क्लोद बुर्जला यांनी पशुवैद्यकाची पहिली शाळा काढली, तेव्हा युरोपात बुळकांडीने गोठे ओस पडत होते आणि लष्कराला धडधाकट घोडे हवे होते. मुंबईचं चित्रही तसंच. १८७४ मध्ये शहरात घोड्यांच्या ट्राम धावू लागल्या आणि त्याच साली प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्थाही उभी राहिली. पुढच्या दशकात परळला सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने, जनावरांचं रुग्णालय निघालं, आणि १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय. तो काळ बैलांचा, गाडीच्या घोड्यांचा, जू घासून आलेल्या खांद्यांचा. मांजर ना गाडी ओढत होतं ना दूध देत होतं. त्याला ताप आला तर कुणाचं काय अडणार?

अडलं ते प्लेगमध्ये. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उतरला, उंदरांबरोबर गावोगाव पसरला, आणि विदर्भात काम करणारे अँड्र्यू ब्युकॅनन नावाचे इंग्रज सरकारचे डॉक्टर अमरावतीच्या भागात घरोघरची मांजरं मोजायला लागले. जिथे मांजरं भरपूर तिथे प्लेग कमी, असा त्यांचा निष्कर्ष. १९०८ च्या सुमारास त्यांनी तो वैद्यकीय नियतकालिकांतून मांडला आणि खेड्यांनी मांजरं पाळावीत असा आग्रह धरला. या हिशेबात एक मोठी खोट होती. प्लेग मांजरालाही होतो आणि त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो, हे आज माहीत आहे. तरी गंमत अशी, की सरकारी डॉक्टरने या मुलखात मांजरं मोजली ती माणसांच्या तब्येतीसाठी. मांजराच्या तब्येतीचा रकाना त्या तक्त्यात नव्हताच.

पहिला मोठा आजार ओळखला गेला तो पिल्लांचा. दोन-तीन महिन्यांचं गुबगुबीत पिल्लू सकाळी खेळतं, संध्याकाळी मलूल होतं, पिवळं ओकतं आणि पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसून राहतं. तहान तर लागलेली दिसते, पण ते पीत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संपतं. कुणीतरी विष घातलं, असंच लोकांना वाटायचं आणि शेजाऱ्यांशी भांडणं व्हायची. १९२८ मध्ये व्हेर्ज आणि क्रिस्तोफोरोनी या दोघा फ्रेंच संशोधकांनी हे काम विषाणूचं आहे असं दाखवलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा फडशा पडतो म्हणून त्याला पॅनल्युकोपेनिया हे अवघड नाव पडलं. कुत्र्यांचा पार्वो या विषाणूचाच धाकटा नातेवाईक, पण तो आला १९७८ च्या सुमारास, पन्नास वर्षांनी.

हा विषाणू फार चिवट. फरशीत, टोपलीत, गोधडीत तो महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही तग धरतो. फिनेल मारून घर स्वच्छ दिसेल, विषाणू मरेलच असं नाही. त्याला ब्लीच लागतं. म्हणून ज्या घरात असं पिल्लू गेलं, तिथे दुसरं आणायचं तर आधी त्याचं लसीकरण पुरं व्हायला हवं. लसही एकदा टोचून भागत नाही. आईच्या दुधातून आलेली ताकद पिल्लाचं रक्षण करते खरी, पण लसीलाही निष्प्रभ करते. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. त्यामुळे सहा-आठ आठवड्यांपासून साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस देत राहतात. 'एक इंजेक्शन झालंय की' म्हणून निर्धास्त झालेली घरं इथेच फसतात.

१९६० च्या दशकात आणखी एक कोडं सुटलं. काही पिल्लं जन्मापासून झोकांड्या खात चालतात, खाताना मान थरथरते. ते आनुवंशिक व्यंग मानलं जायचं. किल्हॅम आणि मार्गोलिस यांनी दाखवलं, की मांजरी गाभण असताना हाच विषाणू पिल्लांच्या लहान मेंदूवर घाला घालतो. असं पिल्लू वेडं नसतं आणि त्याचा आजार वाढतही नाही. उतरंडीसारखं डुलत ते सुखाने पुरं आयुष्य काढू शकतं.

बॉस्टनमध्ये या सुमाराला एक विलक्षण बाई काम करत होती. जीन होल्झवर्थ मूळच्या लॅटिनच्या विदुषी. डॉक्टरेट लॅटिनमध्ये, नोकरी प्राध्यापकाची. ती सोडून त्या पशुवैद्यक शिकल्या आणि १९५० पासून तिथल्या एंजल मेमोरियल रुग्णालयात मांजरांत रमल्या. १९६३ मध्ये त्यांनी मांजरांच्या महत्त्वाच्या विकारांवर लेख लिहिला, त्यात पोटात पिवळट चिकट पाणी साचून हमखास मरणाऱ्या तरुण मांजरांची नोंद होती. पुढे त्या आजाराला एफआयपी म्हणू लागले. कारण कळायला वेळ लागला, इलाज सापडायला तर अर्धशतकाहून अधिक. पण कुणीतरी नीट लिहून ठेवलं होतं, आणि जुन्या पोथ्या वाचण्याची सवय असलेल्या माणसाने ते लिहिलं होतं, हा योगायोग नसावा. इंग्लंडमध्ये १९५८ साली जोन जड या मांजरवेड्या बाईंनी तर वैद्यांना मांजरातलं फारसं कळत नाही या वैतागातून मांजरांसाठी स्वतंत्र सल्ला-संस्थाच काढली.

ग्लासगोची हकिगत १९६४ ची. विल्यम जॅरेट हे तिथले विकृतिशास्त्रज्ञ, तोवरची त्यांची कीर्ती गुरांच्या फुप्फुसातल्या जंतांवरच्या लशीची. एका स्थानिक पशुवैद्याने त्यांना सांगितलं, की आपल्याकडे एक घर आहे, बरीच मांजरं पाळणारं, आणि तिथे एकामागून एक मांजर लसिकाग्रंथींच्या कर्करोगाने मरतंय. कर्करोग काही सर्दीसारखा पसरत नाही, असं तेव्हा सगळे मानत. जॅरेट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशींच्या कडेने विषाणूचे कण फुटून बाहेर पडत होते. हा फेलाइन ल्युकेमिया. एकमेकांना चाटण्यातून, एका ताटलीत खाण्यातून, आईकडून पिल्लाला तो जातो. माणसाला होत नाही, पण माणसांतल्या अशाच विषाणूंच्या शोधाला या ग्लासगोच्या मांजरांनी वाट दाखवली. रक्ततपासणी १९७० च्या दशकात आली, लस १९८५ मध्ये.

त्यानंतर पेटालुमा. कॅलिफोर्नियातल्या या गावी बेवारशी मांजरांना आसरा देणारं एक ठिकाण होतं. तिथल्या सगळ्या मांजरांची ल्युकेमियाची तपासणी नकारात्मक, तरी एका पिंजऱ्यातली बरीच मांजरं मेली आणि आणखी काही खंगत चालली होती: हिरड्या सुजलेल्या, नाक वाहतं, जुलाब थांबत नाहीत. बाकीच्या पिंजऱ्यांतली मांजरं बहुतेक धडधाकट. पिंजऱ्यागणिक हा फरक नजरेत भरला, म्हणूनच डेव्हिस विद्यापीठाचे नील्स पेडरसन, जॅनेट यामामोटो आणि सहकारी कामाला लागले आणि १९८७ मध्ये एफआयव्ही हा नवा विषाणू जगासमोर आला. माणसांच्या एड्सने तेव्हा सगळं जग हादरलेलं, त्यामुळे 'मांजरांचा एड्स' ही बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि घाबरलेल्यांनी मांजरं सोडूनही दिली. खरं तर तो माणसाला होत नाही. मांजरांतही तो मुख्यतः चाव्यातून पसरतो, म्हणजे रात्री गच्चीवर भांडणाऱ्या बोक्यांतून. कान फाटलेला, गालफडं सुटलेला गल्लीचा दादा हा त्याचा नेहमीचा वाहक. बोक्याचं निर्बीजीकरण केलं की भांडणं घटतात आणि भांडणांबरोबर हा आजारही. 'कशाला त्या बिचाऱ्यावर ऑपरेशन' म्हणणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसतं.

१९८७ हे वर्ष मांजरांच्या दृष्टीने मोठंच म्हणायचं. त्याच साली, त्याच डेव्हिसमध्ये, पॉल पायन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने एक वेगळीच गाठ सोडवली. हृदय फुगून, ढिलं पडून दर वर्षी हजारो मांजरं मरत होती. आधी १९७५ मध्ये एवढं कळलं होतं, की टॉरिन नावाचं द्रव्य आहारात नसेल तर मांजराचा डोळ्याचा पडदा झडतो. कुत्रा आणि माणूस टॉरिन शरीरात बनवू शकतात. मांजराला ते पुरेसं जमत नाही, ते मांस-मासळीतूनच यावं लागतं. पायन आणि सहकाऱ्यांनी फुगलेल्या हृदयाच्या मांजरांचं रक्त तपासलं तर टॉरिन तळाला गेलेलं. अशी २१ मांजरं होती आणि ती दूध-भात खाणारी नव्हती. दुकानातलं, 'संपूर्ण आहार' म्हणून विकलं जाणारं खाद्य खात होती. टॉरिन द्यायला सुरुवात केली आणि मरणपंथाला लागलेली हृदयं पूर्ववत आकुंचन पावू लागली. खाद्य कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. हृदयरोग पूड खाऊन बरा होतो, असं वैद्यकात फार वेळा घडत नाही.

मराठी घरांत या गोष्टीला एक खास संदर्भ आहे. 'आमची मनी शुद्ध शाकाहारी, दूध-पोळीवर वाढली' हे कौतुकाने सांगितलं जातं. मनी खरोखर शाकाहारी असती तर तिचे डोळे आणि काळीज कधीच गेले असते. तिला वाचवलेलं असतं ते अंगणातल्या पालींनी, उंदरांनी आणि शेजारच्या काकूंच्या सुरमईच्या डोक्याने. फ्लॅटमध्ये सातव्या मजल्यावर यातलं काहीच नसतं. शिवाय दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. आवडतं, ते वेगळं.

सातव्या मजल्यावर मांजर पोचलं कसं, याचं श्रेय एका मातीला आहे. १९४७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कॅसोपोलिस गावी, एका बाईंच्या मांजराच्या खोक्यातली वाळू गोठली. त्यांनी चुलीतली राख घातली तर घरभर काळी पावलं. शेजारी एड लो कारखान्यांत सांडलेलं तेल शोषणारे पदार्थ विकायचा. त्याने भाजलेल्या दाणेदार मातीची पिशवी दिली. ती फुलर्स अर्थ, म्हणजे आपल्याकडे जिला मुलतानी माती म्हणतात तीच जात. वास बंद झाला. लोने पिशव्यांवर 'किटी लिटर' लिहिलं आणि तो गडगंज झाला.

या मातीने मांजराची कुत्र्यांपासून, गाड्यांपासून, बोक्यांच्या चाव्यांपासून सुटका केली. आणि त्याला नवी दुखणी दिली: वजन, कंटाळा आणि लघवीच्या तक्रारी. त्यातली शेवटची सगळ्यात जीवघेणी. बोक्याची मूत्रनलिका टोकाला इतकी अरुंद, की थोड्याशा खड्यांनी आणि चिकट द्रव्याने तिला बूच बसतं. दवाखान्यात मालक सांगतात, 'डॉक्टर, दोन दिवस झाले, शी होत नाहीये, एरंडेल दिलंय.' बोका खोक्यात जातो, कुंथतो, ओरडतो, बाहेर येतो, परत जातो, सारखा मागचा भाग चाटतो. पोटात असतो लिंबाएवढा टणक फुगलेला मूत्राशय. शौच नव्हे, लघवी अडलेली. रक्तात पोटॅशियम चढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबतं. मांजर पाळणाऱ्याने एकच खूण पाठ करायची तर ती ही. अशा वेळी सकाळची वाट बघायची नसते.

त्या खड्यांची कथा तर डॉक्टरांचेच कान टोचणारी. १९८० च्या दशकात बहुतेक खडे स्ट्रुव्हाइटचे असत. म्हणून खाद्यातलं मॅग्नेशियम घटवलं, लघवी आम्ल होईल असं केलं. स्ट्रुव्हाइट कमी झालाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या केंद्रात जगभरचे खडे तपासले जातात. तिथल्या नोंदींत पुढच्या वीस वर्षांत दुसऱ्याच खड्याचं, कॅल्शियम ऑक्सलेटचं, प्रमाण चढत गेलं आणि तो खाद्याने विरघळत नाही, कापूनच काढावा लागतो. ओहायोचे टोनी बफिंग्टन यांनी मग वेगळाच प्रश्न विचारला. अनेक मांजरांत खडाही नसतो, जंतूही नसतात, तरी रक्ताळलेली लघवी होते. घरात पाहुणे, रंगकाम, नवं मांजर, जेवणाची वेळ चुकणं, एवढ्यावरून मूत्राशय सुजतो. उंच बसायची जागा, लपायला खोकं, ओलं खाद्य, ठरलेल्या वेळा हा इथे औषधोपचाराचाच भाग असतो. दिवाळीची साफसफाई आणि फटाके संपले की अशी मांजरं दवाखान्यात का दिसतात, याचं उत्तर बहुधा यातच आहे.

म्हाताऱ्या मांजराचं दुखणं वजनात दिसतं. चार किलोचं मांजर चारशे ग्रॅमने उतरलं तर डोळ्याला कळतही नाही, पण ते साठ किलोच्या माणसाने सहा किलो गमावण्यासारखं आहे. पाणी जास्त आणि वजन कमी, तर मूत्रपिंडाची शंका. खाणं दुप्पट तरी हाडं वर आलेली, तर थायरॉइडची. मांजरांतला हा वाढलेला थायरॉइड न्यूयॉर्कमध्ये १९७९ मध्ये पहिल्यांदा नीट ओळखला गेला. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर उपास म्हणून कौतुक करू नये. त्याची चरबी यकृतात जाऊन बसते आणि यकृत बंद पडतं.

दुखणं चेहऱ्यावर वाचता येतं का, याचंही उत्तर आता आहे. २०१९ मध्ये माँट्रियाल विद्यापीठातल्या संशोधकांनी मांजरांच्या वेदनेची मोजपट्टी तयार केली: कान बाजूला वळलेले, डोळे मिचकावलेले, तोंडाचा भाग ताणलेला, मिशा सरळ ताठ, डोकं खांद्याखाली. पाच खुणा, प्रत्येकीला शून्य ते दोन गुण.

आणि मग तो सगळ्यात जुना घरगुती उपाय: चेहरा दुःखी दिसतोय, अंग गरम लागतंय, तर आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल पाव-अर्धी करून द्यायची. मांजराच्या यकृतात ते औषध निकामी करणाऱ्या यंत्रणेतलं एक महत्त्वाचं जनुक कधीच निवृत्त झालंय. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे, असं पशुवैद्य विद्यार्थ्यांना सांगतात. लहान माणूस तर नव्हेच.

याच्या उलट, माणसांच्या औषधाच्या नात्यातल्या रेणूने मांजरं वाचवली ती होल्झवर्थबाईंनी नोंदवलेल्या त्या जुन्या आजारात. तेच पेडरसन, आता सत्तरी ओलांडलेले, २०१९ मध्ये एफआयपीच्या ३१ मांजरांवर जीएस-४४१५२४ या औषधाचा प्रयोग करून बसले होते. त्यातली २५ दीर्घकाळ जगली. शंभरातलं जवळपास प्रत्येक मांजर मारणाऱ्या आजारात हे अघटितच. माणसांचं रेमडेसिव्हिर हे याच रेणूचं भावंड. मूळ कंपनीने मांजरांसाठी औषध बाजारात आणलं नाही, तेव्हा मालक चिनी काळ्या बाजारातून कुप्या मागवून, फेसबुकवरच्या अनोळखी माणसांकडून मात्रा विचारून स्वतः टोचू लागले. ब्रिटनमध्ये २०२१ पासून ते रीतसर मिळू लागलं, अमेरिकेत २०२४ पासून.

मधल्या काळात, २०२३ मध्ये, सायप्रस बेटावर एफआयपीची नवी जात उसळली. एफआयपी ज्यामुळे होतो त्या मांजराच्या कोरोना विषाणूने कुत्र्याच्या कोरोनाचा एक तुकडा उचलला होता आणि एरवी एकातून दुसऱ्यात सहसा न जाणारा आजार गल्लोगल्ली पसरू लागला. बेटावरच्या मांजरप्रेमींनी सरकारचं दार ठोठावलं. सरकारी कोठारात माणसांच्या कोविडसाठी आणलेल्या मोल्नुपिराव्हिरच्या गोळ्या उरल्या होत्या. त्या मांजरांना द्यायला परवानगी मिळाली आणि ऑगस्टमध्ये पशुवैद्यांकडे त्यांचे खोके जाऊ लागले.